घाटातली साइडपट्टी

पिकअपचा आरसा बाईंच्या कोपराला घासतो तेव्हा आवाज जवळजवळ होतच नाही. त्यापुढचं मात्र सगळं ऐकू येतं. पुढचं चाक डांबराच्या काठावरून धप्पकन खाली उतरतं, खडीवर करकरत घसरतं आणि सायकल डावीकडे आडवी होते. बाई गुडघ्यावर पडतात. त्यांचा एक बूट पेडलमधून सुटलाय, दुसरा अडकूनच आहे. वरून उतरणारी कंपनीची बस तशीच निघून जाते. पिकअप वीसेक पावलं पुढे जाऊन कचकन थांबते, मागचे रिकामे क्रेट एकमेकांवर आदळतात.

पिरंगुटचा घाट, भुकूमच्या बाजूचा चढ. फेब्रुवारीतला रविवार, साडेसात होत आलेत. वळणाच्या जरा वर टपरी आहे, तिच्यासमोर मी चहाचा ग्लास घेऊन उभा आहे, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडतं. आठ-नऊ सायकली वर येत होत्या. पुढचे दोघे जोडीनं, गप्पा मारत. बाकीचे एकामागे एक, मान खाली घालून. या बाई सगळ्यांत शेवटी. पन्नाशीच्या असाव्यात. अंगात पिवळं जर्किन, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा. पिकअपनं दोनदा हॉर्न दिला, समोरून बस येताना दिसली, तरी ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. बस आणि सायकल यांच्यामधून गाडी जाईल असं त्याला वाटलं. गाडी गेलीही. फक्त बाईंसाठी जागा उरली नाही.

मी धावतो. माझ्या आधी टपरीवाल्या मावशी पोचतात, हातात पाण्याचा तांब्या. बाईंचा अडकलेला बूट सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते. त्या स्वतःच सांगतात, "वळवा, ओढू नका." बुटाच्या तळाला पत्र्याची छोटी पट्टी आहे, ती पेडलच्या खाचेत बसते. चढावर पायाची सगळी ताकद पेडलला मिळावी म्हणून ही सोय. पण सायकल एकदम कलली की पाय खाली टेकवायला क्षण-दोन क्षण जास्त लागतात, आणि तेवढा वेळ आज त्यांना मिळालेला नाही. गुडघ्यावरची कातडी सोलवटलीय, तिच्यात बारीक कच रुतलाय. मावशी पाणी ओततात. बाई दात आवळून बघत राहतात, रडत नाहीत.

तोवर पुढचे दोघे उलटे फिरून खाली आलेत.

"दिसत नाही का रे? बाई आहे पुढे!"

"हॉर्न दिला होता की. दोनदा दिला." ड्रायव्हर गाडीतून उतरलाय. तीस-बत्तीसचा असेल, डोळे तारवटलेले. मार्केट यार्डात भाजी उतरवून घरी निघालाय, पौडच्या पुढच्या कुठल्याशा गावात.

"हॉर्न दिला म्हणजे झालं?"

"मग काय करायचं? उतरून पाया पडायचं?"

या रस्त्यावर मी हे संभाषण इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं वाक्य कोणतं येणार ते माहीत असतं. हॉर्न हे भांडणाचं मूळच आहे. ड्रायव्हरच्या लेखी हॉर्न म्हणजे कळवल्याची पोच: मी येतोय, आता पुढची जबाबदारी तुझी. सायकलवर बसलेल्याला तोच हॉर्न पाठीत गुद्दा घातल्यासारखा लागतो. त्याच्याकडे आरसा नाही. मागून काय येतंय, किती रुंद आहे, थांबणार आहे की घुसणार आहे, हे त्याला फक्त आवाजावरून ओळखायचं असतं. वळून बघावं तर हँडल वळतं. चढावर ताशी आठ-दहा किलोमीटरनं चालणारी सायकल तशीही सरळ रेषेत जात नाही, प्रत्येक पेडलला वीतभर डोलते. ते डोलणं चालवणाऱ्याची चूक नव्हे, चढावर सायकल अशीच चालते.

एक जण मोबाइल काढून नंबर प्लेटचा फोटो घेतो. ड्रायव्हर आणखी भडकतो.

"काढा, काढा फोटो. टाका कुठं टाकायचाय तिथं. रविवारी तुम्हाला हौस येते आणि आमच्या पोटावर पाय. रोड टॅक्स भरता का ह्याचा? ह्या सायकलीचा?"

"इन्कम टॅक्स भरतो!"

"मग तिकडं इन्कम टॅक्सच्या हापिसात चालवा!"

टपरीवर थांबलेले दोघे-तिघे हसतात. मला हसू येत नाही. रस्ता कर भरून विकत घ्यायचा असता तर शाळेला पायी निघालेली पोरं आणि शेताकडे चाललेली बैलगाडी यांना इथे पाऊल ठेवता आलं नसतं. रस्ता गावातून जातो तो गावातल्या सगळ्यांचा असतो. पण ड्रायव्हरच्या आवाजातला राग नुसता त्या बाईंवरचा नाही, हेही दिसतंय. तो रात्री दोनपासून जागा आहे. आणि हा रस्ता त्याच्या डोळ्यांसमोर बदललाय. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ आहे. पुण्यातून पौड, मुळशी धरण, ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि पुढे थेट दिघी बंदर. प्रत्यक्षात त्याच पट्ट्यावर कंपन्यांच्या बस आहेत, खडीचे डंपर आहेत, पीएमपी आहे, लवासाला आणि ताम्हिणीला निघालेल्या मोठ्या गाड्या आहेत, फार्महाऊसवाले आहेत, मंगल कार्यालयांची वऱ्हाडं आहेत. चांदणी चौकातला जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात पाडला, २०२३च्या ऑगस्टात तिथला नवा उड्डाणपूल खुला झाला. शहरातून बाहेर पडणं सुटसुटीत झालं, पण तिथून सुटलेली गर्दी पुढे येऊन अडकते ती भूगावात. अर्धा तास तिथे तुंबलेला माणूस भुकूम ओलांडलं की तो अर्धा तास इथे घाटात भरून काढायला बघतो. सकाळी गर्दी नसते, तेव्हा वेग असतो. म्हणजे सायकलवाल्याला दोन्ही वेळा तीच भीती.

आणि सायकलवाले इथे का येतात? कोथरूड, कर्वेनगर, बावधनच्या माणसाला घरापासून जवळचा चढ हाच. पहाटे निघावं, हा घाट चढावा, पौडला मिसळ खावी, दहाच्या आत घरी. अंगात जरा जास्त दम असला तर मुळशीच्या जलाशयापर्यंत. पाण्यावरून येणारा वारा तोंडावर घेण्यासाठी माणसं पाच दिवस कचेरीत खुर्चीवर बसून रविवारची वाट बघतात. ही हौस मला तुच्छ वाटत नाही.

"अहो, पण तुम्ही साइडपट्टीनं चला की!" ड्रायव्हर आता थोडा खालच्या पट्टीत बोलतोय, बहुधा गुडघ्यावरचं रक्त पाहून. "पांढऱ्या पट्टीच्या आत काय काम? आमी कुठं नाय म्हणतो सायकल चालवायला? कडंनं चालवा."

बाई पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून बोलतात. "या दादा. कड दाखवते."

त्या लंगडत जातात, तो मागोमाग. मीही जातो. सायकल घसरली तिथे आम्ही तिघं वाकून बघतो.

डांबराच्या अगदी काठावर पांढरी पट्टी मारलेली आहे, काही ठिकाणी तर ती काठासोबत तुटून खाली पडलीय. पट्टीच्या पलीकडे रस्ता संपतो, आणि खाली चार बोटं खोल पायरी. दोन हात पुढे हीच पायरी वीतभर आहे. बाई तिच्यात पंजा आडवा घालून दाखवतात. कापलेल्या काठात डांबराचे थर वेगवेगळे ओळखू येतात: खालचा राखाडी, ठिसूळ, त्यावर एक, सगळ्यांत वर नवा काळा. दर वेळी रस्त्यावर नवा थर चढतो, रस्ता उंच होतो. शेजारची साइडपट्टी मुरूम टाकून, दाबून त्याच उंचीला आणायची असते. ते काम मागे राहतं. जे केलेलं असतं ते घाटातल्या एका पावसाळ्यात वाहून जातं, कारण बाजूचं गटार तुंबलेलं असतं आणि पाणी मुरमातूनच वाट काढतं. उरलेल्या खळग्यात डंपरमधून सांडलेली खडी साचलीय, बोटाच्या पेराएवढी, धारदार कोपऱ्यांची. तिच्यात बिअरच्या बाटलीची हिरवी काच, कुणाच्या तरी बंपरचा तुकडा, गुटख्याच्या पुड्या. दहा पावलांवर फ्लेक्सचा लोखंडी खांब मध्येच रोवलेला. त्याच्या पुढे साइडपट्टी नाहीच, थेट गटार.

बाई सांगतात, "हा माझा टायर. दोन बोटं रुंद. ह्या पायरीवरून खाली उतरला की परत वर चढत नाही, काठाला घासत जातो आणि पाडतो. वर चढायला गेले तर तुमच्याच चाकाखाली येते. म्हणून मी पट्टीच्या आत असते. मुद्दाम नाही."

ड्रायव्हर चपलेनं खडी ढकलून बघतो. त्याची चप्पल निसटते.

"हितून तर माझी मोटारसायकल पण जाणार नाय," तो म्हणतो.

सायकलवाला रस्ता अडवतो असं ड्रायव्हरला वाटतं, कारण त्याच्या उंचीवरून पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे जागा दिसते. ती जागा आहे असं धरून तो ओव्हरटेक करतो. ती नाही, हे फक्त दोन बोटं रुंदीच्या टायरवर बसलेल्यालाच कळतं. दोघं एकमेकांवर ओरडतात आणि जिथे ओरडायला हवं तिथे कुणीच ओरडत नाही. या रस्त्याच्या रुंदीकरणाची भाषणं होतात तेव्हा लेन मोजल्या जातात. साइडपट्टी मोजल्याचं मी ऐकलेलं नाही.

गेल्याच महिन्यात, जानेवारी २०२६ मध्ये, पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर, जागतिक सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची. एक टप्पा या मुळशी-मावळातूनच गेला. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत केले, वाहतूक थांबवली, गावोगावची माणसं कडेला उभी राहून परदेशी सायकलस्वारांना टाळ्या वाजवत होती. मला त्याचा मनापासून आनंद झाला. आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर जगातले खेळाडू यावेत, पोरांनी ते बघावं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शर्यतीतल्या सायकलीसमोर एकही पिकअप नसते. रोजच्या सायकलीचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. जे प्रशासन पाच दिवसांसाठी एवढं करू शकतं, त्याच्याकडून घाटातला चार बोटांचा खड्डा भरून घेणं अशक्य आहे, हे मी मानायला तयार नाही.

"बरं, किती अंतर सोडायचं म्हणता?" ड्रायव्हर विचारतो. या प्रश्नात चिडका सूर नाही, त्याला खरंच आकडा हवाय.

बाई उजवा हात खांद्यातून सरळ बाजूला पसरतात. "मी हात असा केला तरी आरशाला लागू नये. त्याच्यावर आणखी तेवढंच."

म्हणजे साधारण दीड मीटर हँडलपासून. फ्रान्समध्ये कायद्यानं हेच अंतर आहे: गावाबाहेर दीड मीटर, गावात एक मीटर. जर्मनीनं २०२० मध्ये आकडा लिहूनच टाकला, गावात दीड, बाहेर दोन मीटर. आपल्याकडे "पुरेसं अंतर ठेवा" यावर भागतं, आणि पुरेसं म्हणजे किती ते ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे तो ठरवतो.

"आणि तेवढी जागाच नसली तर?" ड्रायव्हर बस गेली त्या दिशेनं हात करतो.

"तर मागं राहायचं," जोडीतला एक जण तिरीमिरीत म्हणतो.

"मागं राहतो ओ. पण माझ्या मागं फॉर्च्युनर असते ना. ती काय हॉर्न देती, लाइट मारती, शिव्या घालती. तुम्ही माझ्याशी भांडताय, मी कुणाशी भांडू?"

यावर कुणाकडे उत्तर नाही. मी मनात हिशेब करतो. या वळणापासून वरच्या सरळ पट्ट्यापर्यंत शंभरेक मीटर असतील. ताशी दहा किलोमीटरच्या सायकलमागे राहिलं तर ३६ सेकंद लागतात, चाळीसनं गेलं तर ९. म्हणजे सगळं भांडण २७ सेकंदांचं. रात्री दोनला उठलेल्या माणसाला ते २७ सेकंदही जड वाटतात हे खरं. तरीही गाडी आणि सायकल जवळ आली तर हाडं एकाच बाजूची मोडतात, आणि म्हणून थांबण्याचं ओझंही जड गाडीवरच यायला हवं. पिकअपवर, आणि तिच्या मागच्या फॉर्च्युनरवर तर जास्तच. यात निम्मं-निम्मं काही होत नाही.

ड्रायव्हर एवढ्यावर सोडत नाही. "मग ह्यांना पण सांगा ना. हे दोघं जोडीनं चालले होते. कानात ती बोंडं. मी मागं भुकूमपासून बघतोय."

दोघं एकमेकांकडे बघतात. एक जण काहीतरी म्हणायला तोंड उघडतो. सरळ, रुंद रस्त्यावर जोडीनं चालण्याला कारण असतं, ते मलाही ठाऊक आहे. आठ सायकलींची एकेरी माळ ओलांडायला गाडीला लांबच लांब अंतर लागतं, दोन-दोनच्या जोड्या निम्म्यात ओलांडता येतात. पण हा घाट आहे, आणि वळणावर ते कारण चालत नाही.

बाई त्याला बोलू देत नाहीत. "ते बरोबर बोलतायत. वळणावर तुम्ही जोडीनं होतात. मीच मागून दोनदा ओरडले. तुम्हाला ऐकू गेलं नाही, कारण कानात गाणी. घाट संपेपर्यंत एकेरी, आणि ते कानातलं खिशात."

कानातलं खिशात जातं. ड्रायव्हर गाडीतून मळका नॅपकिन आणून बाईंपुढे धरतो, मग तो किती मळकाय ते पाहून स्वतःच मागे घेतो. "ताई, पौडला दवाखाना हाय. सोडतो. सायकल क्रेटवर टाकू." बाई नको म्हणतात, पुण्याकडेच फिरते म्हणतात. त्यांचं कोपर सुजायला लागलंय, पण हात वळतोय. पोलिसांचं नाव निघतं आणि मागे पडतं. पिकअप सुरू होते. सरळ पट्टा येईपर्यंत ती उरलेल्या सायकलींच्या मागे हळूहळू चालते आणि मग बरीच लांबून त्यांना ओलांडते. तिच्या पाठोपाठ एक पांढरी एसयूव्ही येते, हॉर्नवरचा हात न काढता, तिसऱ्या सायकलीला चाटून जाते. तिचा ड्रायव्हर या वादावादीला हजर नव्हता.

हे सगळं चालू असताना एक माणूस आमच्या शेजारून वर गेला. काळी, जुनी, एका गिअरची सायकल. घाटात ती चालवता येत नाही, म्हणून हातानं ढकलत. हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी, कॅरियरला गुंडाळलेलं रेनकोटचं प्लॅस्टिक, मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. भांडणारे त्याला वळसा घालू देण्यासाठी जरा सरकले, एवढंच. त्याला कुणी काही विचारलं नाही. मी चहाचे पैसे देऊन झपाझप चालत त्याला घाटमाथ्यावर गाठतो.

तो मूळचा परभणीकडचा. भुकूमला खोली, पिरंगुटच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे काम. रविवारीही पाळी लागते, आठ ते आठ. बसचे पैसे वाचतात म्हणून सायकल.

"पडला का कधी?" मी विचारतो.

"पडलो की. पण आता नाही पडत. मोठी गाडी आली मागून, की मी उतरतो. बाजूला उभा ऱ्हातो. ती गेली, की पुन्हा बसतो."

"प्रत्येक गाडीला?"

"डंपर आन बसला. बाकीच्याला कुठं उतरावं, मग कामाला कधी पोचावं."

दीड मीटरची मागणी या माणसाच्या डोक्यात कधी आलेलीच नाही. त्यानं स्वतःलाच रस्त्यावरून उणं करून टाकलंय. हेल्मेट घातलेल्या, गट करून येणाऱ्या, फोटो काढू शकणाऱ्या सायकलवाल्यांचं भांडण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. त्यांनी साइडपट्टी मागून घेतली तर ती याच्याही चाकाखाली येईल. त्यांनी फक्त रविवारची पहाट मागितली तर याला काहीच मिळणार नाही.

उतार लागतो. तो सायकलवर टांग टाकतो, एक पाय जमिनीला टेकवून मागे बघतो. एक डंपर येतोय. तो पुन्हा उतरतो, खडीत उभा राहतो. डंपर जातो, त्याचा वारा आधी आम्हाला ढकलतो, मग आत खेचतो. तो पिशवी घट्ट धरून असतो.

"आत्ता तरी दिसतं सगळं," तो म्हणतो. "रात्री समोरच्याचा अप्पर डोळ्यावर येतो ना, तवा ही कड पण दिसत नाही. पाय टेकायचा कुठं, तेच कळत नाही. तुम्हाला बघायचंच आसंल, तर आठला सुटतो मी. तवा या."